चुकण्याचे धैर्य

शास्त्रज्ञांची चरित्रे विद्यार्थ्यांपुढे ठेवताना एक भाग हटकून गाळला जातो. शोध लागला तो दिवस सांगितला जातो, पारितोषिकांची यादी दिली जाते. परंतु जे प्रयोग फसले आणि ज्या कल्पना शास्त्रज्ञाला स्वतःच्याच हातांनी मोडाव्या लागल्या, त्यांचा उल्लेख करणे म्हणजे त्याच्या कीर्तीला उणेपणा आणणे होय, अशी चरित्रकारांची समजूत असते. त्यामुळे वाचणाऱ्या मुलाच्या मनात कधीही न चुकणाऱ्या मनुष्याची मूर्ती उभी राहते, आणि शाळेच्या प्रयोगशाळेत पहिलाच प्रयोग फसला की 'हे आपले काम नव्हे' असे ते मूल ठरवून टाकते. पुस्तकातील उत्तराशी जुळेपर्यंत प्रयोगवहीतील आकडे खोडून पुन्हा लिहिण्याची जी सवय पुष्कळ विद्यार्थ्यांना जडते, तिचे मूळही याच समजुतीत आहे.

ही समजूत किती चुकीची आहे, हे ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञ सर फ्रँक मॅकफार्लन बर्नेट (१८९९–१९८५) यांच्या संशोधन-जीवनावरून उत्तम रीतीने दिसून येते. विषाणुशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र या दोन्ही शास्त्रांत त्यांनी मूलभूत भर घातली. १९६० चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना इंग्लंडच्या पीटर मेडावर यांच्यासमवेत मिळाले. तरीसुद्धा त्यांच्या फसलेल्या प्रयोगांचा आणि टाकून दिलेल्या मतांचा हिशेब मांडला, तर तो यशाच्या हिशेबाहून फारसा लहान भरणार नाही. त्यांचे मोठेपण या चुका असूनही सिद्ध झाले, असे सामान्यतः म्हटले जाईल. वस्तुस्थिती याहून वेगळी आहे. आपले म्हणणे खोटे ठरविता येईल अशा स्पष्ट शब्दांत मांडण्याची जी वृत्ती, तिच्यातूनच त्यांच्या चुका आणि त्यांचे यश ही दोन्ही निपजली.

बर्नेट यांचा जन्म व्हिक्टोरिया राज्यातील ट्रॅरलगन या गावी ३ सप्टेंबर १८९९ रोजी झाला. वडील बँकेत व्यवस्थापक होते. मुलगा एकलकोंडा होता आणि भुंगेरे गोळा करण्यात त्याचा वेळ जाई. मेलबर्न विद्यापीठात वैद्यकाचे शिक्षण घेतल्यावर बर्नेट तेथील वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूट या संशोधनसंस्थेत दाखल झाले. पुढील आयुष्यात लंडन येथे दोनदा केलेला अभ्यास वगळता त्यांनी ही संस्था सोडली नाही. १९४४ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने प्राध्यापकपद देऊ केले, तेही त्यांनी नाकारले. त्याच वर्षी ते हॉल इन्स्टिट्यूटचे संचालक झाले आणि १९६५ पर्यंत त्या पदावर राहिले.

त्यांच्या संशोधनाला प्रतिकारशास्त्राची दिशा लागली ती एका दारुण घटनेमुळे. जानेवारी १९२८ मध्ये क्वीन्सलंडमधील बंडाबर्ग या शहरी घटसर्पाच्या प्रतिबंधाची टोचणी दिलेल्या २१ मुलांपैकी १२ मुले दगावली. लसीकरणावरील लोकांचा विश्वास उडण्याची वेळ आली. चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष हॉल इन्स्टिट्यूटचे तत्कालीन संचालक चार्ल्स केलावे हे होते, आणि जंतूंच्या तपासणीचे काम तरुण बर्नेट यांच्याकडे आले. लस ज्या कुपीतून पुनःपुन्हा काढली जात होती, तिच्यात जंतुनाशक घातलेले नव्हते. कुपीत स्टॅफिलोकॉकस नावाचे जंतू शिरून वाढले होते आणि त्यांनीच मुलांचा बळी घेतला होता. वाचलेल्या मुलांच्या गळवांतही तेच जंतू सापडले. लस स्वतः दोषी नव्हती, तिची कुपी दोषी होती. अनेकदा वापरावयाच्या कुपीत जंतुनाशक असलेच पाहिजे, असा निर्बंध आयोगाने सुचविला. हे जंतू जे विष तयार करतात त्याचा आणि त्याविरुद्ध शरीरात होणाऱ्या प्रतिकाराचा अभ्यास बर्नेट यांनी पुढे चालविला. आणि शरीर परक्या पदार्थाला ओळखते तरी कसे, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला.

तथापि पुढची सुमारे तीस वर्षे त्यांचे मुख्य काम विषाणूंवरच होते. त्या काळी विषाणू हा सूक्ष्मदर्शकातून न दिसणारा आणि काचपात्रात न वाढणारा शत्रू होता. जिवंत पेशीखेरीज तो वाढत नाही. तेव्हा त्याला वाढविण्यासाठी स्वस्त, स्वच्छ आणि सहज मिळणारी जिवंत पेशी पाहिजे. कोंबडीच्या उबवत्या अंड्याचा या कामी उपयोग होतो, हे १९३१ मध्ये अमेरिकेत वुड्रफ आणि गुडपाश्चर यांनी दाखविले होते. बर्नेट यांनी त्या युक्तीचे रूपांतर मोजमाप करता येईल अशा पद्धतीत केले. दहा-अकरा दिवस उबविलेले अंडे दिव्यासमोर धरावयाचे, कवचाला बारीक भोक पाडावयाचे आणि आतील पडद्यावर विषाणुयुक्त द्रवाचा थेंब सोडावयाचा. दोनतीन दिवसांनी पडद्यावर जे पांढुरके ठिपके उमटतात, ते मोजले की द्रवात विषाणू किती होते याचा अंदाज येतो. १९४० मध्ये गर्भाभोवतालच्या पाण्याच्या पिशवीत रुग्णाच्या घशातील द्रव टोचून त्यांनी इन्फ्ल्यूएन्झाचा विषाणू थेट अंड्यात वाढविला. आज जगात तयार होणाऱ्या इन्फ्ल्यूएन्झाच्या लसींपैकी मोठा भाग अद्यापि अंड्यांतूनच येतो.

याच काळात आणखीही महत्त्वाचे काम झाले. १९३१ मध्ये बर्नेट आणि जीन मॅक्नमारा यांनी दाखवून दिले की, पोलिओचा विषाणू एकाच प्रकारचा नाही. एका वाणाविरुद्ध मिळालेले संरक्षण दुसऱ्या वाणापुढे लुळे पडते. पुढे असे तीन प्रकार निश्चित झाले, आणि तिन्ही प्रकारांचा समावेश केल्यावरच १९५५ ची साल्क यांची लस परिणामकारक ठरली. १९३७ मध्ये ब्रिस्बेनच्या कत्तलखान्यांतील कामगारांना होणाऱ्या एका अज्ञात तापाचे कारण बर्नेट आणि मेव्हिस फ्रीमन यांनी शोधून काढले. एडवर्ड डेरिक यांनी वर्णन केलेल्या या क्यू-तापाच्या जंतूला पुढे स्वतः डेरिक यांनी बर्नेट यांचेच नाव दिले.

आता अपयशाची बाजू पाहावी. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बर्नेट यांनी इन्फ्ल्यूएन्झाची जिवंत, पण दुर्बळ केलेल्या विषाणूची लस तयार केली. विषाणू ज्या मार्गाने शरीरात शिरतो त्याच मार्गाने, म्हणजे नाकातून, ती द्यावी असा त्यांचा विचार होता. ऑस्ट्रेलियन सैन्यात तिची चाचणी झाली. परंतु तिचा अपेक्षित गुण आला नाही आणि या लसीच्या मागे खर्ची पडलेले श्रम वाया गेले असे त्या वेळी वाटले. मूळ विचार मात्र चुकीचा नव्हता. विषाणू दुर्बळ कसा करावा आणि तो दुर्बळच राहील याची शाश्वती कशी मिळवावी, याचे ज्ञान तेव्हा अपुरे होते. पुढे अनेक देशांतील शास्त्रज्ञांच्या परिश्रमाने ते वाढले, आणि २०१० मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारावयाची, अंड्यांत वाढविलेल्या दुर्बळ विषाणूची इन्फ्ल्यूएन्झा-लस भारतात तयार केली, तेव्हा तिच्यामागील तत्त्व तेच होते.

दुसरे अपयश याहून उद्बोधक आहे. १९४५ मध्ये अमेरिकेत रे ओवेन यांना असे आढळले की, एकाच वेळी जन्मलेल्या जुळ्या वासरांच्या अंगात पुष्कळदा एकमेकांच्या रक्तपेशी असतात आणि त्या आयुष्यभर टिकून राहतात. गर्भावस्थेत दोघांच्या रक्तवाहिन्या जोडल्या गेल्याने असे होते. एरवी परकी पेशी शरीरात शिरताच शरीर तिचा नाश करते. मग येथे तसे का होत नाही? १९४९ मध्ये फ्रँक फेनर यांच्यासमवेत लिहिलेल्या पुस्तकात बर्नेट यांनी यावरून धाडसी अनुमान काढले. आपले कोणते आणि परके कोणते, हे ज्ञान शरीराला उपजत नसते. गर्भावस्थेत जे जे भेटते ते शरीर आपले म्हणून स्वीकारते. हे खरे असेल, तर गर्भाला परका पदार्थ टोचल्यास जन्मानंतरही त्या प्राण्याने त्याला विरोध करता कामा नये.

बर्नेट यांनी आपले आवडते साधन घेऊन हा प्रयोग केला. अंड्यातील गर्भाला इन्फ्ल्यूएन्झाचा विषाणू टोचला, पिल्ले बाहेर पडू दिली आणि नंतर त्यांना तोच विषाणू पुन्हा टोचला. अनुमानाप्रमाणे पिल्लांनी विरोध करावयास नको होता. परंतु त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे परक्या पदार्थाशी जोडली जाणारी संरक्षक प्रथिने, नेहमीप्रमाणे तयार झाली. प्रयोग साफ फसला. बर्नेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते फळ १९५० मध्ये जसेच्या तसे प्रसिद्ध केले. तीन वर्षांनी लंडनमध्ये मेडावर, बिलिंगहॅम आणि ब्रेंट यांनी उंदरांच्या गर्भात दुसऱ्या वाणाच्या उंदराच्या जिवंत पेशी टोचल्या. मोठेपणी त्या उंदरांनी त्याच वाणाच्या कातडीचे कलम परके न मानता धारण केले. अनुमान खरे ठरले. बर्नेट यांनी निवडलेला विषाणू त्या परीक्षेला योग्य नव्हता, एवढाच त्यांच्या अपयशाचा अर्थ होता. अवयवरोपणाच्या आजच्या शास्त्राचा पाया या कामाने घातला गेला. नोबेल पारितोषिक ज्या शोधाबद्दल मिळाले, त्याचा बर्नेट यांच्या स्वतःच्या हातून झालेला प्रयोग असा निष्फळ होता.

बर्नेट स्वतः मात्र या शोधापेक्षा आपल्या दुसऱ्या एका उपपत्तीला अधिक मोलाची मानीत, आणि ती मांडण्यासाठी त्यांना स्वतःचेच जुने मत सोडावे लागले. प्रतिपिंडे तयार कशी होतात, याविषयी त्या काळी रूढ असलेले मत शिंप्याच्या कामासारखे होते. परका पदार्थ शरीरात शिरला की त्याचे माप घेऊन पेशी त्याला बरोबर बसेल असे प्रतिपिंड बेतते, असे लायनस पॉलिंग यांच्यासारखे थोर रसायनशास्त्रज्ञ म्हणत. बर्नेट यांचेही पूर्वीचे मत तपशिलात निराळे असले, तरी परका पदार्थच पेशीला शिकवितो, या मुद्द्यावर त्याच बाजूचे होते. १९५५ मध्ये डेन्मार्कच्या नील्स येर्ने यांनी उलट विचार मांडला. प्रतिपिंडे आधीपासूनच नाना प्रकारची तयार असतात. परका पदार्थ त्यांपैकी आपल्याला जुळणारे तेवढे निवडून घेतो. निवडलेल्या प्रतिपिंडाच्या प्रती पुढे कशा निघतात, हे मात्र येर्ने यांना नीट सांगता आले नव्हते.

१९५७ मध्ये बर्नेट यांनी ही उणीव भरून काढली. निवड होते ती प्रतिपिंडाची नव्हे, पेशीची, असे त्यांनी सांगितले. शरीरात असंख्य संरक्षक पेशी असतात आणि प्रत्येक पेशी जन्मतःच एकाच प्रकारचे प्रतिपिंड तयार करू शकते. परका पदार्थ ज्या पेशीशी जुळतो ती पेशी विभागू लागते, तिच्यासारख्याच हजारो पेशींचा वंश तयार होतो आणि त्या सर्व तेच प्रतिपिंड निर्माण करतात. वंशातील काही पेशी मागे उरतात. म्हणून तोच रोग दुसऱ्यांदा आला तर शरीर अधिक त्वरेने उत्तर देते. ज्या पेशी स्वतःच्याच शरीराशी जुळतात, त्या आरंभीच नष्ट केल्या जातात. क्वचित त्यांपैकी काही टिकून राहिल्या, तर शरीर स्वतःवरच उलटते आणि त्यातून काही रोग उद्भवतात. लस का उपयोगी पडते, कलम का नाकारले जाते आणि शरीर आपल्याच अंगावर का उठत नाही, या तिन्ही प्रश्नांना या एका उपपत्तीने उत्तर दिले. अमेरिकेत डेव्हिड टॅल्मेज यांनीही त्याच वर्षी स्वतंत्रपणे अशाच स्वरूपाचा विचार मांडला होता.

हा अवघ्या दोनतीन पानांचा निबंध बर्नेट यांनी ऑस्ट्रेलियातील एका नियतकालिकात छापला. ते युरोप-अमेरिकेत फारसे वाचले जात नसे. कल्पना खरी ठरल्यास अग्रमान मिळावा आणि खोटी ठरल्यास फारसा गाजावाजा होऊ नये, असा त्यात हिशेब होता, हे त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. चुकण्याची भीती त्यांनाही होती. भीती असूनही ते थांबले नाहीत, आणि उपपत्तीचे मर्म असे ठेवले की एकाच प्रयोगाने ती कोसळावी. एक पेशी, एकच प्रतिपिंड. दोन वेगवेगळी प्रतिपिंडे तयार करणारी पेशी सर्रास आढळली, की सारे संपले.

ती कसोटी त्यांच्याच संस्थेत लागली. गुस्ताव नोसल हे तरुण संशोधक आणि अमेरिकेहून आलेले जोशुआ लेडरबर्ग यांनी उंदराच्या जातीच्या प्राण्यांना दोन प्रकारचे जंतू टोचले, त्यांच्या लसीका-ग्रंथीतील पेशी एकेक करून सूक्ष्म थेंबांत वेगळ्या केल्या आणि थेंबात सोडलेल्या जंतूंची हालचाल सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. काही पेशींनी पहिल्या प्रकारच्या जंतूंना जखडून टाकले, काहींनी दुसऱ्या. दोन्ही प्रकारांना जखडणारी पेशी त्यांना सापडली नाही. संचालकांची उपपत्ती खोटी ठरते काय, हे पाहण्याच्या हेतूने नोसल यांनी हा प्रयोग हाती घेतला होता, आणि संचालकांनी त्याला आडकाठी केली नाही. १९५८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. १९६५ मध्ये बर्नेट निवृत्त झाले, तेव्हा संचालकपदावर नोसल यांचीच नेमणूक झाली. वरिष्ठाच्या मताला तरुणाने कसोटीवर लावणे हा जेथे अपमान समजला जातो, तेथे असे काही घडत नाही. ही गोष्ट कोणत्याही देशातील संशोधनसंस्थेने ध्यानात ठेवावी अशी आहे.

या उपपत्तीचे फळ पुढे सामान्य माणसाच्या दारापर्यंत पोहोचले. एका पेशीचा वंश एकच प्रतिपिंड तयार करतो, तर तशी एक पेशी वेगळी काढून ती प्रयोगशाळेत अखंड वाढविता यावी. १९७५ मध्ये केंब्रिज येथे कोलर आणि मिलस्टीन यांनी हे साध्य केले. तेव्हापासून अशी एकवंशीय प्रतिपिंडे कर्करोगापासून संधिवातापर्यंत अनेक रोगांत वापरली जातात. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानंतर जखमेत टोचावयाचे या जातीचे औषध २०१७ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने भारतात उपलब्ध केले.

बर्नेट यांची प्रत्येक निवड सर्वांना सुखकर झाली, असे मात्र नाही. १९५७ च्या सुमारास त्यांनी संस्थेचे सारे काम विषाणूंवरून काढून प्रतिकारशास्त्राकडे वळविले, तेव्हा विषाणुशास्त्रात मुरलेल्या काही सहकाऱ्यांना दुसरीकडे काम पत्करावे लागले. एका माणसाच्या दूरदृष्टीची किंमत अनेकदा इतरांना मोजावी लागते, हेही चरित्रात लिहिले पाहिजे.

याहून गंभीर गोष्ट अशी की, जेथे मताला प्रयोगाची कसोटी नव्हती, तेथे बर्नेट यांची बुद्धी त्यांना सावरू शकली नाही. १९४७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संरक्षण खात्याला दिलेल्या गोपनीय टिपणात, दाट लोकवस्तीच्या आशियाई देशांकडून आक्रमण झाल्यास जैविक शस्त्रांचा उपयोग व्हावा अशा दिशेने त्यांनी विचार मांडला. ही कागदपत्रे १९९८ मध्ये उघड झाली. १९५१ मध्ये सशांच्या रोगाचा विषाणू माणसाला बाधत नाही हे पटवून देण्यासाठी ज्याने फेनर आणि क्लूनीज रॉस यांच्यासमवेत तो विषाणू स्वतःच्या अंगात टोचून घेतला आणि घाबरलेल्या जनतेला धीर दिला, त्याच माणसाने हे टिपण लिहिले होते. आशियातील वाचकाने यातली कोणतीही एक गोष्ट विसरण्याचे कारण नाही. आयुष्याच्या उत्तरार्धात संसर्गजन्य रोगांचे युग आता संपत आले असून पुढे त्यात विशेष काही घडणार नाही, असेही भाकीत त्यांनी केले. त्यानंतर १९७६ मध्ये इबोला प्रकट झाला आणि १९८१ मध्ये एड्स. ३१ ऑगस्ट १९८५ रोजी बर्नेट निवर्तले, तेव्हा त्यांच्या भाकिताचा फोलपणा जगाला दिसू लागला होता.

या साऱ्यातून निष्पन्न होते ते असे. शास्त्रज्ञाचा शब्द मोलाचा असतो तो त्याच्या बुद्धीमुळे किंवा पदव्यांमुळे नव्हे. तो शब्द कसोटीला उभा राहिलेला असतो म्हणून. बर्नेट यांनी प्रयोगशाळेत जे सांगितले, ते खोटे ठरविण्याची सोय करून सांगितले. म्हणून त्यातील चुका गळून पडल्या आणि खरे ते उरले. प्रयोगशाळेबाहेर त्यांनी जे अधिकारवाणीने सांगितले त्याला ही चाळणी लागली नाही, आणि तेथील चुका तशाच राहिल्या. मोठ्या माणसाचे वचन म्हणून एखादे मत स्वीकारावे, ही शिकवण विज्ञानाच्या वर्गात देणे म्हणूनच विज्ञानाच्या मुळावर येते.

शाळांनी यातून एक साधी गोष्ट करण्यासारखी आहे. विद्यार्थ्यांच्या प्रयोगवहीत फसलेल्या प्रयोगाचे पान फाडू देऊ नये. काय अपेक्षित होते, काय घडले आणि तफावत का पडली असावी, एवढे त्या पानावर लिहवून घ्यावे आणि त्यालाही गुण द्यावेत. मेलबर्नच्या त्या अंड्यांतून बाहेर पडलेल्या पिल्लांनी आपल्या संशोधकाचे म्हणणे ऐकले नाही. त्याने ते लिहून ठेवले, स्वतःच्या नावाने छापले, आणि दहा वर्षांनी त्याच प्रश्नाच्या उत्तरासाठी त्याला जगाचा सर्वोच्च सन्मान मिळाला.